एक किनारा, तीन राज्ये

परदेशात नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या भारतीय कुटुंबाकडे स्वदेशातून स्नेही येतात, तेव्हा यजमानावर दोन कर्तव्ये येऊन पडतात. पहिले आतिथ्याचे, ते आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. दुसरे वाटाड्याचे, ते तितके सोपे नसते. पाहुण्यांच्या हाती दिवस मोजके असतात, प्रवासाचा खर्च भारी झालेला असतो, आणि एवढ्या लांब आलोच आहोत तर पदरात पडतील तितके देश पाहून घ्यावेत, ही त्यांची इच्छा साहजिक असते. भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर असा एक टापू आहे, की तेथे ही हौस एका दिवसात भागते. फ्रान्समधील नीस या शहरातून सकाळी निघाले, तर मोनाको नावाचे चिमुकले राज्य ओलांडून दुपारच्या आत इटलीतील व्हेंतिमिल्या गावी पोहोचता येते. अंतर अवघे चाळीस किलोमीटर. आगगाडीला तासभरही लागत नाही. परंतु तीन राज्ये पाहणे आणि त्यांच्यामधल्या सीमा समजून घेणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रथम या भूमीची ठेवण ध्यानात घ्यावी लागते. युरोपाचा पाठकणा मानला जाणारा आल्प्स पर्वत येथे थेट समुद्रात उतरतो. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये सपाट जमीन जवळजवळ नाहीच. त्यामुळे नीस ते मांतों या टप्प्यात डोंगराच्या उतारावर एकावर एक असे तीन रस्ते काढलेले आहेत: एक समुद्रालगत, एक मध्यावर आणि एक माथ्याजवळून. लोहमार्ग समुद्राच्या कडेने बोगद्यांतून जातो. खिडकीतून क्षणभर निळे पाणी दिसते, लगेच अंधार होतो आणि पुन्हा पाणी चमकते. ज्यांनी कोकण रेल्वेने प्रवास केला आहे, त्यांना हा उजेड-अंधाराचा खेळ अपरिचित वाटू नये.

माथ्यावरच्या रस्त्याने गेल्यास ला तुर्बी हे खेडे लागते. तेथे पांढऱ्या दगडाचे एक प्रचंड भग्न स्मारक उभे आहे. रोमन सम्राट ऑगस्टस याने आल्प्समधील टोळ्यांना जिंकल्याच्या स्मरणार्थ ते इसवी सनापूर्वी ६ च्या सुमारास उभारले गेले. जिंकलेल्या पंचेचाळीस टोळ्यांची नावे त्याच्या शिलालेखात कोरलेली होती. त्यांच्यापैकी बहुतेकांची आज एवढीच आठवण उरली आहे, की त्यांचा पराभव झाला. पुढे शतकानुशतके लोकांनी या स्मारकाचे दगड काढून आपली घरे बांधली. पाहुण्यांनी येथे थोडा वेळ थांबावे, कारण खाली पसरलेली तिन्ही राज्ये येथून एका दृष्टिक्षेपात येतात आणि त्यांना विभागणारी रेषा मात्र कोठेच दिसत नाही.

नीस शहराची गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. ग्रीक व्यापाऱ्यांनी वसवलेले हे बंदर १३८८ साली सव्हॉय घराण्याच्या छत्राखाली गेले आणि काही मधले कालखंड सोडल्यास जवळजवळ पावणेपाचशे वर्षे तेथेच राहिले. इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गॅरिबाल्डी याचा जन्म १८०७ साली याच शहरात झाला. मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि कॅव्हूर ही नावे महाराष्ट्राला परकी नाहीत. सावरकरांचे मॅझिनीवरील मराठी पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले होते. पण जो इटली एक व्हावा म्हणून गॅरिबाल्डी लढला, त्याच इटलीच्या घडणीची किंमत म्हणून त्याचे जन्मगाव दिले गेले. ऑस्ट्रियाविरुद्ध फ्रान्सने केलेल्या साहाय्याच्या मोबदल्यात १८६० च्या तुरीन येथील तहाने नीस आणि सव्हॉय हे प्रांत फ्रान्सकडे गेले. लोकांचे मतही घेण्यात आले आणि ते प्रचंड बहुमताने फ्रान्सच्या बाजूने पडले. परंतु ते मतदान कितपत मोकळेपणाने झाले, याविषयी तेव्हापासून वाद आहे. आपल्याला स्वतःच्याच देशात परका केले, हा सल गॅरिबाल्डीने अखेरपर्यंत बाळगला. तरीही १८७० साली प्रशियाविरुद्ध फ्रान्स संकटात सापडला, तेव्हा हाच वृद्ध सेनानी स्वयंसेवक घेऊन फ्रान्सच्या मदतीला धावला. आज नीसमधल्या एका मोठ्या चौकाला त्याचे नाव आहे आणि तेथे त्याचा पुतळा उभा आहे.

जुन्या नीसच्या अरुंद गल्ल्यांतून फिरताना रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत दिसतात. फ्रेंच आणि नीसची स्थानिक बोली. त्याच गल्ल्यांत सोक्का नावाचा एक पदार्थ मिळतो. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात कालवून, त्यात ऑलिव्हचे तेल आणि मीठ घालून, ते तांब्याच्या मोठ्या परातीत ओततात आणि लाकडाच्या भट्टीत खरपूस भाजतात. मराठी पाहुण्याने पहिला घास घेताच त्याला घरचे बेसनाचे धिरडे आठवावे; फक्त हिंग, हळद आणि मिरची यांची उणीव भासावी. हाच पदार्थ सीमेपलीकडे इटलीत फारिनाता या नावाने मिळतो. तहाच्या कागदावर शहर इकडचे तिकडे झाले. चुलीवर मात्र तसा काही फेरफार झाला नाही.

नीसहून पुढे वीस किलोमीटरवर मोनाको. याचे क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याचा शिवारही याहून मोठा निघेल. ग्रिमाल्डी घराण्याच्या एका पुरुषाने १२९७ साली भिक्षूचा वेष घेऊन येथील किल्ल्यात प्रवेश मिळवला, अशी कथा आहे, आणि राज्याच्या राजचिन्हावर आजही तलवार उगारलेले दोन भिक्षू दिसतात. पाहुण्यांना येथील जुगारगृह पाहण्याची उत्सुकता असते. त्यामागची कारणे सांगितली, तर ते पाहणे अधिक सार्थ होते. मांतों आणि रोकब्रून ही दोन गावे पूर्वी मोनाकोच्या अमलाखाली होती. १८४८ साली कराच्या ओझ्याला कंटाळून ती फुटून निघाली आणि १८६१ साली मोनाकोच्या राजाने चाळीस लक्ष फ्रँक घेऊन त्यांवरचा हक्क फ्रान्सला सोडून दिला. राज्याचा बहुतेक सारा मुलूख असा गेला आणि हाती उरला एक खडक व सभोवतालची थोडी जमीन. उत्पन्नाचे साधन म्हणून जुगारगृहाला उत्तेजन मिळाले, १८६८ साली लोहमार्ग आला आणि पैशाचा ओघ सुरू झाला. मौज अशी, की मोनाकोच्या स्वतःच्या नागरिकांना तेथे जुगार खेळण्यास कायद्याने बंदी आहे. जमीन अपुरी पडल्याने या राज्याने समुद्रात भर घालून नवी वस्ती वसवली. अशाच भरावावरचा सहा हेक्टरांचा नवा विभाग २०२४ साली खुला झाला. वेळ असेल तर १९१० साली उघडलेले सागरविज्ञानाचे संग्रहालय अवश्य पाहावे. ते एका राजाच्या अभ्यासातून उभे राहिले आहे आणि मुलांना ते जुगारगृहाहून कितीतरी अधिक आवडते.

मोनाकोच्या पुढचे मांतों हे लिंबांचे गाव. थंडीच्या अखेरीस तेथे १९३४ पासून लिंबांचा उत्सव भरतो आणि लिंबे-संत्री रचून मोठमोठे देखावे उभे करतात. या शांत गावाने युद्धाचा कडवटपणाही चाखलेला आहे. जून १९४० मध्ये मुसोलिनीच्या सैन्याने हे गाव घेतले आणि १९४३ पर्यंत त्यावर इटलीचा अंमल राहिला. ज्या लोकांच्या बोलीत, आडनावांत आणि सोयरिकींत इटली मिसळलेला होता, त्यांनाच इटलीच्या सैन्यापुढे घरे सोडून जावे लागले.

मांतोंच्या टोकाला समुद्रकाठच्या रस्त्यावर आजची सीमा आहे. ती ओलांडताच इटलीच्या बाजूला तांबड्या कड्यांतल्या गुहा लागतात. त्यांत वीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दफनाचे अवशेष सापडले. त्यांच्या अंगावर शिंपल्यांचे अलंकार होते. थोडे पुढे ला मोर्तोला येथे टॉमस हॅनबरी या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ पासून वाढवलेली विख्यात बाग आहे. देशोदेशींची झाडे तेथे डोंगरउतारावर नांदत आहेत आणि बागेच्या मधूनच प्राचीन रोमन रस्ता जातो.

शुक्रवार असेल, तर व्हेंतिमिल्याचा आठवड्याचा बाजार चुकवू नये. सीमेपलीकडचे फ्रेंच लोक तेथे खरेदीसाठी लोटतात. उलट, इटलीच्या बाजूचे कामगार रोज सकाळी आगगाडीने मोनाको आणि मांतोंकडे कामाला जातात. २००२ पासून दोन्हीकडे एकच चलन आहे, त्यामुळे पैसे बदलण्याची यातायात नाही. शेंगेन या गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८५ च्या करारामुळे फ्रान्स आणि इटली यांच्यामधील नित्याची तपासणीही नव्वदीच्या दशकात उठली. मोनाको या करारात स्वतः सामील नसले, तरी फ्रान्सशी त्याची हद्द मोकळीच आहे. म्हणून सकाळच्या प्रवासात पाहुण्यांना सीमा कळतसुद्धा नाही आणि ‘इतकेच का?’ असा किंचित निराशेचा प्रश्न ते विचारतात.

त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा परतीच्या गाडीत मिळते. नोव्हेंबर २०१५ पासून फ्रान्सने अंतर्गत सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आणि तिची मुदत तो वाढवीत आला आहे. व्हेंतिमिल्याहून निघालेली गाडी मांतोंच्या अलीकडच्या लहानशा स्थानकात थांबते, पोलीस डब्यांतून फिरतात. कोणाकडे पाहून पुढे जायचे आणि कोणाकडे कागद मागायचे, हे त्यांची नजर ठरवते. ज्यांच्याजवळ कागद नसतात, त्यांना उतरवून घेतात आणि इटलीकडे परत पाठवतात. ही माणसे बहुतेक सुदान, एरिट्रियासारख्या देशांतून वाळवंट आणि समुद्र ओलांडून आलेली असतात. जून २०१५ मध्ये अशीच कित्येक माणसे सीमेवरच्या खडकांवर दिवसचे दिवस बसून होती. मागे इटली, समोर फ्रान्स आणि पायाशी समुद्र. गावावरच्या डोंगरात एक अवघड पायवाट आहे, तिला मृत्यूची वाट म्हणतात. मुसोलिनीच्या काळात त्याचे विरोधक आणि छळाला कंटाळलेले ज्यू लोक याच वाटेने रात्री फ्रान्समध्ये उतरत. अलीकडच्या वर्षांत निर्वासितांनी तीच वाट धरली. वाटेवरच्या कड्यांवरून, तसेच लोहमार्गाच्या बोगद्यांत, त्यांच्यापैकी कित्येकांनी प्राण गमावले आहेत.

भारतीय पाहुण्याच्या दृष्टीने याचा व्यावहारिक बोध स्पष्ट आहे. पासपोर्ट निवासस्थानी ठेवून या सहलीला निघू नये. शेंगेन व्हिसा फ्रान्स आणि इटली या दोहोंस चालतो. ज्या देशात अधिक दिवस राहायचे, त्याच्या वकिलातीकडे अर्ज करावयाचा असतो, आणि एकशेऐंशी दिवसांत नव्वदांहून अधिक दिवस राहता येत नाही. परंतु बोध एवढ्यावर संपत नाही. खिशातल्या एका पुस्तिकेच्या बळावर एक प्रवासी आपल्या आसनावर बसून राहतो आणि शेजारचा खाली उतरवला जातो, हेही त्या दिवशी पाहिलेल्या स्थळांपैकी एक आहे. यजमानाने तेथे विषय बदलू नये.

मराठी माणसाला तर याच किनाऱ्यावरची एक जुनी घटना आठवल्याशिवाय राहत नाही. नीसच्या पश्चिमेस मार्सेल्स बंदरात ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मोरिया बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली आणि पोहत फ्रान्सची भूमी गाठली. त्या भूमीवर पाय ठेवल्यावर आश्रयाचा हक्क मिळावा, हा त्यांचा हिशेब होता. फ्रेंच शिपायाने मात्र त्यांना धरून पुन्हा ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. प्रकरण हेग येथील लवादापुढे गेले. स्वाधीन करण्यात नियमभंग झाला, हे लवादाने फेब्रुवारी १९११ च्या निर्णयात मान्य केले. पण म्हणून कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असे ठरवले. किनारा गाठणे आणि आश्रय मिळणे यांतले अंतर तेव्हाही असे होते.

तेव्हा स्वदेशातून आलेल्या मित्रांना घेऊन या किनाऱ्यावर निघणाऱ्या यजमानाने स्थळांची यादी थोडी आखूड करावी. ला तुर्बीच्या स्मारकाखाली अर्धा तास द्यावा, नीसमध्ये सोक्का आणि व्हेंतिमिल्यात फारिनाता अशी दोन्ही पाहुण्यांच्या पानात वाढावी, आणि परतताना गाडी त्या लहान स्थानकात थांबेल, तेव्हा खिडकीबाहेर काय चालले आहे ते मुलांनी विचारले, तर त्यांना ते नीट समजावून सांगावे.