फ्रॉइडचा सिगार आणि सुखाचा हिशोब

‘मी सिगारेट ओढत नाही, कधीतरी एखादा सिगार. तोही धूर आत न घेता.’ सिगारचे शौकीन हे वाक्य हमखास ऐकवतात. त्यामागे एक समजूत असते. सिगारेट हे व्यसन आणि सिगार हा शौक. सिगारेट घाईघाईत ओढायची आणि सिगारची चव घ्यायची. धूर फुप्फुसात जातच नसेल तर कॅन्सरची भीती कशाला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सिगारचा आनंद खोटा नाही, तो घेणारा माणूसही मूर्ख नसतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे माणसाच्या मनाचा तळ शोधायला निघालेला डॉक्टर, सिग्मंड फ्रॉइड.

फ्रॉइड चोविसाव्या वर्षी धूम्रपानाकडे वळले. आधी सिगारेट, मग सिगार. आणि सिगार म्हणजे दिवसाला साधारण वीस. १८९४च्या सुमारास त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. बर्लिनमधले त्यांचे मित्र विल्हेल्म फ्लिस हे नाक-घशाचे डॉक्टर. त्यांनी सिगार बंद करायला सांगितलं. फ्रॉइडनी काही आठवडे तो सोडलाही, पण कामात लक्ष लागेना, मन उदास राहू लागलं आणि सिगार परत आला. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की आपल्या काम करण्याच्या ताकदीचं बरंचसं श्रेय सिगारला आहे. वडिलांचा दाखलाही दिला : ते भरपूर ओढायचे आणि एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत ओढत राहिले. ‘आमचे आजोबा रोज तंबाखू खायचे, नव्वद वर्षं जगले’ हा युक्तिवाद व्हिएन्नातही चालत होता तर!

फेब्रुवारी १९२३मध्ये त्यांना टाळूवर, उजव्या बाजूला, एक चट्टा दिसला. ते स्वतः डॉक्टर होते, तरी दोन महिने त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एप्रिलमध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली, तीत भरपूर रक्तस्राव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉ. हान्स पिखलर यांनी वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढला. तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच गेल्यामुळे बोलण्या-जेवण्यासाठी कृत्रिम टाळू बसवावा लागला. तो इतका त्रास द्यायचा की घरात त्याला ‘राक्षस’ असं नाव पडलं होतं. पुढच्या सोळा वर्षांत त्यांच्यावर तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं. सिगार मात्र सुटला नाही. थोड्या दिवसांसाठी थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये, वेदना असह्य झाल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनच्या गुंगीतच त्यांनी प्राण सोडला.

धूर आत न घेता कॅन्सर कसा?

याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. सिगारेटचा धूर बहुधा आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून ओढणाऱ्याला तो छातीत खेचावा लागतो. सिगारची पानं आंबवून, मुरवून तयार होतात आणि त्यांचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात उतरतं. म्हणजे धूर आत न घेणं हा संयम नव्हे. सिगारला त्याची गरजच पडत नाही.

आपल्याला हे रसायन अनोळखी वाटायला नको. तळहातावर तंबाखू मळताना आपण चुना लावतो तो याचसाठी. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि गालात धरलेल्या गोळीतलं निकोटिन झपाट्याने शोषलं जातं. महागडा सिगार आणि चुन्याची डबी यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असेल, पण तोंडाच्या अस्तराशी दोघांचं वागणं सारखंच आहे.

शिवाय पानं आंबवताना त्यांत नायट्रोसमाइन नावाची कॅन्सरकारक द्रव्यं वाढतात. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तो तासभर तोंडाशी असतो आणि त्या सगळ्या वेळात ही द्रव्यं लाळेत मिसळून जीभ, टाळू, घसा, अन्ननलिका यांवरून वाहत असतात. सोबत मद्याचा पेला असेल तर धोका नुसत्या बेरजेच्याही पुढे जातो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८मध्ये सिगारवर एक मोठा अहवाल काढला. धूर आत न घेणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी, पण न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त. तोंड आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका मात्र रोज सिगार ओढणाऱ्यांत जवळपास सिगारेटइतकाच. प्रमाण वाढेल तसा धोका वाढतो. पण रोज एक-दोन ओढणारेही त्यातून सुटत नाहीत. सिगारेट सोडून सिगारकडे वळलेल्यांना तर धूर छातीत घ्यायची सवय लागलेलीच असते. २०००मध्ये अमेरिकेतल्या सात मोठ्या सिगार कंपन्यांनी धूर आत न घेताही तोंडाचा व घशाचा कॅन्सर होऊ शकतो, असा इशारा छापायचं मान्य केलं.

वर्षातून दोनदा, लग्नाकार्यात ओढणाऱ्याचं काय? त्याचा धोका रोजच्याइतका नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ‘इथपर्यंत सुरक्षित’ अशी रेघ कुणालाही आखता आलेली नाही. शिवाय निकोटिनला ‘कधीतरी’चं ‘रोज’ करायची खोड आहे.

सुख नेमकं किती?

आता तराजूचं दुसरं पारडं. चव, वास, मित्रांच्या गप्पा, निवांत तास, हे सगळं खरं. पण रोज ओढणाऱ्याला जी ‘तरतरी’ वाटते तिचा मोठा भाग उसना असतो. निकोटिन उतरलं की चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पुढच्या झुरक्याने ते थांबतं आणि आपल्याला वाटतं, सिगारने काम करायची ताकद दिली. फ्रॉइडना सिगार सोडल्यावर काम सुचत नव्हतं ते यामुळेच असावं. २०१४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. धूम्रपान सोडलेल्यांमध्ये चिंता, उदासी आणि ताण, सोडणं सुरू ठेवलेल्यांमध्ये नव्हे तर ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, कमी झालेला दिसला. पहिले काही आठवडे जड जातात, मग मन हलकं होतं.

कोणी म्हणेल, फ्रॉइड त्र्याऐंशी वर्षं जगले, आजारपणातही पुस्तकं लिहीत राहिले. मग सौदा काय वाईट झाला? इथेच आपला हिशोब चुकतो. आपण फक्त किती वर्षं जगलो ते मोजतो, कशी जगलो ते मोजत नाही. त्यांच्या शेवटच्या सोळा वर्षांत प्रत्येक घास आणि प्रत्येक शब्द वेदनेतून जात होता. आणि चोविसाव्या वर्षी सिगार पेटवणाऱ्या तरुणाने सहासष्टाव्या वर्षीच्या म्हाताऱ्याला काही विचारलं नव्हतं. सुख एकजण घेतो, बिल दुसऱ्याच्या नावावर निघतं. त्या बिलात घरच्यांचाही वाटा असतो. फ्रॉइडची ती कृत्रिम टाळू काढण्या-बसवण्याचं, जखम सांभाळण्याचं काम त्यांची मुलगी अॅना वर्षानुवर्षं करत होती.

दिलासा असा, की हा हिशोब मध्येच बदलता येतो. ब्रिटिश डॉक्टरांवरच्या पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटलेलं दिसलं. पण साठीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे तीन, पन्नाशीत सहा आणि चाळिशीत नऊ वर्षं परत मिळवली.

सिगार असो, बिडी असो, मशेरी वा गुटखा. आरशासमोर उभं राहून महिन्यातून एकदा तोंड नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दंतवैद्याला किंवा डॉक्टरांना दाखवा. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. फ्रॉइडनी दवडले तसे दोन महिने आपण दवडू नयेत.