रजा शिल्लक राहते, मुले मोठी होतात

रायपूरच्या चौबे कॉलोनीत मराठी कानावर पडली तर नवल वाटत नाही. महाराष्ट्र मंडळ याच वस्तीत आहे आणि छत्तीसगडचे मराठी माणसाशी नाते नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचे, म्हणजे अठराव्या शतकापासूनचे आहे. इथल्या नोकरदार घरांत 'सुट्टीत कुठे जाणार?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : 'गावी.' गाव नागपूर असो, अकोला असो की पुणे, वर्षाची रजा तिकडची लग्नकार्ये, आजारपणे आणि सणवार यांतच संपते. नवराबायको दोघेही नोकरी करणारे असतील, तर दोघांच्या रजा एकाच वेळी जमणेही कठीण. असे करता करता चौघांनी मिळून कुठे जाणे राहूनच जाते.

रजा म्हणजे मेहेरबानी नव्हे

भरपगारी रजेबाबत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३६ मध्येच करार केला होता. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यात १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवसांची अर्जित रजा जमा होते. ती ३०० दिवसांपर्यंत साठवता येते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात.

या पैशांच्या आशेने बरेच जण रजा घेतच नाहीत. साठीला रक्कम हाती येते खरी, पण तोवर मुले दुसऱ्या शहरात नोकरीला लागलेली असतात आणि स्वतःचे गुडघे कुरकुरू लागलेले असतात. अडीअडचणीसाठी थोडी रजा राखावी. सगळीच साठवणे मात्र तोट्याचे. खाजगी नोकरीत न घेतलेली रजा पुष्कळ ठिकाणी बुडते. म्हणून नियम आधीच विचारून घ्यावेत.

तारखा आधी ठरवा

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होऊ लागले. म्हणजे तिकीट खिडकी उघडण्यापूर्वीच रजा मंजूर हवी. निघण्याच्या तीन महिने आधी मुलांच्या परीक्षा आणि दोघांच्या कार्यालयांतील कामाचे दिवस एका कॅलेंडरवर मांडावेत. आपले काम कोण पाहील हे सहकाऱ्याशी ठरवूनच अर्ज द्यावा. अशा अर्जाला वरिष्ठ सहसा नाही म्हणत नाहीत. सहकाऱ्याच्या रजेत त्याचे काम आपणही आनंदाने करावे.

केंद्रीय कर्मचाऱ्यांना ४ वर्षांच्या मुदतीत दोनदा गावी जाण्याची प्रवास सवलत असते. त्यांपैकी एकदा गावाऐवजी भारतात कुठेही जाता येते. सवलतीच्या नियमातच जे सुचवले आहे, ते इतर घरांनीही करून पाहावे : एकदा गाव, एकदा नवे ठिकाण.

दोन दिवसही पुरतात

लांब रजा मिळत नसेल तर शनिवार-रविवार आहेत. २६ जानेवारी २०२२ रोजी छत्तीसगड सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पाच दिवसांचा आठवडा जाहीर केला. महाराष्ट्रात तो २०२० मध्येच आला होता. राजिमचा संगम रायपूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगा आहे. महानदीकाठच्या सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर आणि धमतरीजवळचा गंगरेल जलाशयही एका दिवसात होतात. बस्तरमधल्या चित्रकोट धबधब्यासाठी मात्र तीन दिवस हवेत. रायपूरचा उन्हाळा कडक. तेव्हा या जवळच्या सहली हिवाळ्यात आणि मुलांच्या मोठ्या सुट्टीत थंड हवेचे ठिकाण, अशी विभागणी सोयीची.

तिलाही सुट्टी हवी

गावी गेल्यावर नवरा गप्पांत रमतो, मुले खेळतात आणि नोकरी करणारी सून पदर खोचून पंधरा जणांच्या पोळ्या लाटते. कार्यालयातली सुट्टी स्वयंपाकघरात गेली, तर ती परतताना अधिकच थकलेली असते. निदान दोन दिवस तिच्या हाती लाटणे येणार नाही, एवढे नवऱ्याने निघण्यापूर्वीच घरात सांगून ठेवावे. सासूबाईंनाही त्या दोन दिवसांत विश्रांती द्यावी. बाहेरून डबा मागवला म्हणून घराची अब्रू जात नाही.

वेळ आपोआप मिळत नाही, तो काढावा लागतो. विम्याच्या हप्त्याची तारीख जशी कॅलेंडरवर लिहून ठेवतो, तशी यंदाच्या सुट्टीचीही लिहून टाका.