मृदंगाची शाई

बसा असे जवळ, आज मृदंगाची गोष्ट सांगतो. एकादशीच्या भजनात तुम्ही तो हजारदा ऐकला असेल, टाळांच्या गजरात माना डोलावल्या असतील, पण त्याच्या उजव्या पुडीवर मधोमध जो काळा गोल असतो तो तिथं कशाला, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. ती शाई. सारी गंमत तिच्यात आहे.

वीणेकऱ्यानं तार छेडली की एकच सूर निघाला असं आपल्याला वाटतं, पण त्या सुराच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर दडलेले असतात, आणि ते नेमक्या पटीत असल्यामुळं कानाला गोड लागतात. कातड्याचं तसं नाही. नुसतं कातडं ताणून थाप मारली, तर मूळ सुराच्या जोडीला 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट असे आडमुठे सूर उठतात आणि ग्रामसभेत जो तो आपलंच घोडं दामटतो तशी गत होते. म्हणून ढोलाचा दणका छातीत घुमतो खरा, पण त्याचा षड्ज कुठला म्हणाल, तर भला गवईही डोकं खाजवेल. आता अभंग गायचा तो सुरात, आणि रात्रभर. तिथं असलं वाद्य काय कामाचं?

मग कारागिरानं काय केलं, तर लोखंडाचं बारीक चूर्ण भाताच्या खळीत मळलं, अंगठ्यानं पुडीवर पातळ थर दिला, जरा सुकू दिला आणि गुळगुळीत दगडानं घोट घोट घोटला. त्यावर थोडा लहान थर, पुन्हा घोटणं, असं करत करत शाई मधे जाड आणि कडेला पातळ होते. घोटता घोटता तिच्यावर बारीक भेगांचं जाळं पडतं. नवखा माणूस शाई तडकली म्हणून हळहळेल, पण त्या भेगा आहेत म्हणूनच ती कातड्याबरोबर लवते. अखंड कडक असती तर पुडी मुकी झाली असती.

डाव्या अंगाला मात्र ऐनवेळी ओली कणीक थापायची, म्हणजे आवाज खाली उतरतो, आणि भजन संपलं की खरवडून काढायची. आमच्या गावचा मृदंगी एकदा काल्याचं जेवून तसाच झोपला. रात्रीतून उंदरांनी कणीक खाल्ली आणि तिच्याबरोबर पुडीही. पुढं महिनाभर गावानं नुसत्या टाळांवर भजन केलं. असो, शाईकडे येऊ.

भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन कलकत्त्यात होते, त्यांना शाईच्या या कातड्यानं भुरळ घातली. माणूसच तसा कानसेन! 1921 साली लंडनला गेले, तर सेंट पॉलच्या कॅथीड्रलमध्ये घुमटाखालच्या सज्जात पुटपुटलेला शब्द भिंतीच्या कडेकडेनं पार पलीकडे कसा पोचतो, याचाच छडा लावत बसले. तर या रामन यांनी आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये मृदंग-तबल्यावर ‘नेचर’मध्ये लिहिलं, आणि पुढं 1934 साली रामन यांनी सविस्तर निबंध दिला. युक्ती साधी. पुडीवर बारीक वाळू भुरभुरायची आणि थाप मारायची. जिथं कातडं हलत नाही तिथं वाळू रेघ धरून बसते. कधी मधोमध एक रेघ, कधी दोन रेघांची फुली, कधी नुसतं वर्तुळ. अशा नऊ तऱ्हांनी पुडी थरथरते, पण सूर मोजले तर पाचच, आणि तेही एक, दोन, तीन, चार, पाच अशा सरळ पटीत! फुलीचा आणि वर्तुळाचा सूर शाईच्या वजनानं एकाच जागी आणून बसवलेला. आडमुठं कातडं तारेसारखं गाऊ लागलं ते असं. ज्यांनी हे घडवलं त्यांना ध्वनीचं मर्म कळलं होतं, अशी दाद रामन यांनी देऊन ठेवली आहे. त्या कारागिरांजवळ आकडेमोड नव्हती, कान होता आणि देवापुढं बेसूर वाजू नये ही काळजी होती. मला विचाराल तर तेवढं पुरेसं होतं.

आषाढातल्या दमट हवेत पुडी सैल पडते, म्हणून मृदंगी हातोडीनं ठोकून ठोकून सूर चढवत असतो. तेव्हा पुढच्या एकादशीला जरा लवकर जाऊन त्याच्याशेजारी बसा, शाईच्या भेगा नीट न्याहाळा. फक्त ओल्या बोटानं तिला शिवू नका. खपली निघाली तर तो तुम्हाला मंडपाबाहेर काढेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.