‘प्रमाण’मधला तो निबंध

माझ्या एका विद्यार्थिनीचा शोधनिबंध परवा एका निवड समितीने मोजलाच नाही. तो भारतीय नियतकालिकात छापलेला, एवढंच कारण. हे फार जिव्हारी लागलं. आमच्या विषयाला, म्हणजे द्रवस्फटिकांना, वळण देणारा निबंध बंगळुरूच्या ‘प्रमाण’ या नियतकालिकातच आला होता, १९७७ साली. लेखक शिवरामकृष्ण चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश.

चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी. पुढचं केंब्रिज, म्हैसूर चरित्रकोशात सापडेल. १९७१ साली ते रामन संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. ते दशक मला मोलाचं वाटतं.

१८८८ साली रायनित्झर या शास्त्रज्ञाने कोलेस्टेरिल बेंझोएट दोन टप्प्यांत वितळताना पाहिलं. स्फटिक आणि द्रव यांच्यामधली ती अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं समज एकच, द्रवस्फटिकाचा रेणू काडीसारखा लांबट हवा. या तिघांनी चपटे रेणू घेतले, बेंझिनच्या कड्याला सहा बाजूंनी सहा लांब शेपट्या असलेले. क्ष-किरणांनी दाखवलं, की या चकत्या एकीवर एक बसून खांब होतात. खांबांची मांडणी षट्कोनी, शिस्तीची. खांबाच्या आत मात्र चकत्यांमधलं अंतर द्रवासारखं अनियमित. द्रवस्फटिकांचं एक नवं कुळच हाती लागलं!

त्याच सुमारास मी एम.एस्सी.ला होतो. कोलेस्टेरिल बेंझोएट काचपट्टीवर पूर्ण वितळवायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. दोन्ही पोलरॉइड एकमेकांना काटकोनात, त्यामुळे सगळा काळोख. पट्टी निवत आली की त्या काळोखात रंग उमटू लागत. तापमापीकडे बघायचं भान राहत नसे. आता आमच्याकडे हा प्रयोग अभ्यासक्रमातून गेला आहे. तासाभरात आकडे मिळत नाहीत, हा त्यावरचा आक्षेप.

पुढे चकत्यांसारख्या रेणूंची फिल्म एलसीडी पडद्यांवर आली आणि बाजूने पाहणाऱ्यालाही चित्र नीट दिसू लागलं. ती फिल्म जपानमध्ये बनली. शोध बंगळुरूचा, कारखाना तिकडचा, याची खंत मला आजही आहे. निवृत्तीनंतर चंद्रशेखरांनी जालहळ्ळीला द्रवस्फटिकांचं वेगळं केंद्र काढलं. २००४ साली ते गेले. त्या केंद्राच्या नावात आज नॅनो आहे, मृदू पदार्थ आहेत, द्रवस्फटिक नाहीत. विषय वाढतात, हे मान्य. पण ज्या शब्दासाठी एका माणसाने निवृत्तीनंतरही कंबर कसली, तो पाटीवर ठेवायला काय हरकत होती?