चामखीळ पसरते कशी?

चामखीळ उठते ती ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे. या विषाणूचे शंभरहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले मोजकेच हातापायांवर चामखिळी आणतात. त्वचेत शिरायला त्याला बारीकशी चीर पुरते. म्हणून नखं कुरतडणाऱ्या मुलांच्या नखांभोवती चामखिळी उगवतात आणि दाढी करताना एकीवरून फिरलेलं पातं गालभर त्या पसरवतं. संसर्ग झाल्यावर चामखीळ दिसायला बरेचदा काही महिने जातात, त्यामुळे लागण कुठून झाली ते सहसा कळतच नाही.

तळपायाची चामखीळ अनेकजण कुरूप समजून ब्लेडने खरवडतात. कृपा करून हे करू नका. नीट पाहिलं तर तिच्यात काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळं म्हणतात, पण त्या असतात रक्त गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. केस बांधून किंवा चुना लावून विषाणू जात नाही, जखम मात्र होते.

मुलांच्या बहुतेक चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. सॅलिसिलिक ॲसिडचं औषध लावायचं तर ते नेटाने, कित्येक आठवडे लावावं लागतं. मधुमेह असेल, किंवा चामखीळ चेहऱ्यावर अथवा गुप्तांगावर असेल, तर घरगुती उपाय न करता थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.