चाऱ्याची नळी आणि शिशाचे विष

गेल्या उन्हाळ्यातील एका रविवारची गोष्ट. विहारातील वंदना आटोपून आम्ही धाकट्या बहिणीच्या घरी गेलो. पाहतो तर स्वयंपाकाच्या गॅसवर एक जुनी कढई तापत होती. कढईत भाजी नव्हती, शिसे वितळत होते! भाच्याने भंगारातून जुन्या बॅटरीच्या प्लेटा आणल्या होत्या. त्या वितळवून तो मातीच्या साच्यात ओतीत होता. त्याची दोन वर्षांची मुलगी खाली फरशीवर बसून थंड झालेले गोळे डबीत भरीत होती, आणि मधूनच बोटे तोंडात घालीत होती.

"दादा, काळजी करू नका, ही कढई जेवणाची नाही," बहीण म्हणाली.

आम्ही आधी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पोरीचे हात साबणाने धुतले. मग भाच्याला विचारले, "हा काय उद्योग आहे?"

"मामा, चाऱ्याच्या नळीला वजन लागतं. दुकानातली नळी दोन रविवारांत मोडते. म्हणून म्हटलं, घरीच करू."

भाचा आय.टी.आय. झालेला फिटर आहे, पण काम कंत्राटी. सुट्टीच्या दिवशी तो धरणाच्या पाण्यावर गळ टाकतो, आणि मिळाली तर चिलापी किंवा रोहू घरी आणतो. आम्ही स्वतः लेथवर २६ वर्षे काढलेली. त्याला रागावून भागणार नव्हते. "नळी मी करून देतो, पण शिसे या घरात पुन्हा येता कामा नये," असे आम्ही त्याच्याकडून कबूल करून घेतले. त्या नळीची ही हकीकत आहे. ज्यांच्या घरी गळ आहे, जाळे आहे, त्यांनी ती जरूर वाचावी.

चाऱ्याची नळी म्हणजे काय?

गळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ लावून पाण्यात टाकले, तरी एवढ्या मोठ्या धरणात माशाला ते सापडावे कसे? म्हणून गळाजवळच थोडी पेंड, थोडा कोंडा पडत राहील अशी सोय करतात. भोके पाडलेल्या छोट्या नळीत ओलसर चारा दाबून भरायचा, नळीला वजन लावायचे आणि ती तंगुसाबरोबर पाण्यात फेकायची. तळाशी गेल्यावर चारा भिजतो, फुगतो आणि भोकांतून हळूहळू सुटतो. वासाने मासा येतो आणि शेजारचे आमिष त्याला दिसते.

ही युक्ती इंग्लंडमध्ये फार रूढ आहे. तिकडे तिला 'स्विमफीडर' म्हणतात. सुट्टीच्या दिवशी नदीकाठी, कालव्याकाठी बसणारा तिकडचा कामगार पुष्कळदा ही नळी घरीच करीत असे. बायका केस कुरळे करण्यासाठी ज्या भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या नळ्या वापरतात, त्याच घेऊन तो त्यांना शिशाची पट्टी गुंडाळायचा. झाली चाऱ्याची नळी! गरजू माणसाची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते. पण त्या शिशाच्या पट्टीने आणि तंगुसाला चिमटलेल्या शिशाच्या गोळ्यांनी तिकडे काय केले, तेही ऐकले पाहिजे.

हंस का मेले?

कोंबडीच्या पोटात जसा पेटा असतो, तसा हंसाच्याही पोटात असतो. पक्ष्याला दात नसतात. तो बारीक खडे गिळतो आणि पेट्यात त्या खड्यांवर अन्न दळले जाते. इंग्लंडमधील हंस नदीच्या तळाचे खडे वेचताना मासेमारांनी सांडलेल्या शिशाच्या गोळ्याही गिळू लागले. पेट्यात शिसे दळले गेले आणि रक्तात उतरले. हंसाचे स्नायू लुळे पडत, मान वाकडी होई, अन्न पुढे सरकत नसे. पोट भरलेले असूनही तो उपासमारीने मरे. दरवर्षी हजारो हंस असे मरत असल्याचा अहवाल तेथील सरकारी निसर्गसंस्थेने १९८१ साली दिला. शेवटी १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढली.

पक्ष्याचे हे हाल, मग लेकराचे काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण माहीत नाही. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार ते पाच पट अधिक शोषून घेते. ते मेंदूवर घाला घालते. मुलाची बुद्धी, लक्ष आणि शिकण्याची ताकद कमी होते. हे नुकसान बहुधा भरून येत नाही. शिसे हाडांत साठते, आणि आई गरोदर राहिली की तिच्या हाडांतून पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

शिसे ३२७ अंशांवर वितळते, म्हणून ते घरच्या गॅसवरही वितळते. सोपे वाटते, तेच घातक आहे. बॅटरीच्या प्लेटा तर आणखी वाईट, कारण त्यांच्यावरची भुकटी म्हणजे शिशाचेच क्षार. ती फरशीवर, कपड्यांवर, भांड्यांवर बसते. बाबासाहेबांनी आपल्याला पहिला शब्द दिला तो 'शिका'. ज्या विषाने लेकराची शिकण्याची ताकदच जाते, ते आपण आपल्याच चुलीवर शिजवायचे?

तीनदा फसलो

आता नळीकडे वळू. टिकाऊ नळी करणे वाटते तितके सोपे नाही. पहिली नळी आम्ही विजेच्या फिटिंगच्या पी.व्ही.सी. पाइपाची केली आणि लोखंडी तुकडा दोन ट्यूबांच्या गोंदाने बाजूला चिकटवला. तिसऱ्याच फेकीला ती खडकावर आपटली, वजन पाण्यात गेले आणि रिकामी नळी हातात आली. पुढे कळले की पी.व्ही.सी. पाइप टिकावेत म्हणून त्यांतही शिशाचे क्षार घालीत असत. ते रोखण्यासाठी केंद्र सरकारला २०२१ साली नियम करावे लागले. म्हणजे जुना पाइप घेतला तर ज्या विषापासून पळालो, तेच पुन्हा हाती! पी.व्ही.सी. सोडून दिले.

दुसरी नळी शेतात पाण्यासाठी वापरतात त्या काळ्या एच.डी.पी.ई. पाइपाची केली. या पाइपात काजळी मिसळलेली असते, म्हणून तो उन्हात लवकर तडकत नाही. आपटला तरी फुटत नाही. पण त्याला गोंद धरत नाही! म्हणून बांधकामाच्या तारेने वजन आवळले. तार थोड्याच दिवसांत गंजली आणि तिच्या टोकाने तंगूस कापला.

तिसरी नळी मजबूत झाली, पण भोके ३ मिलिमीटरची पाडली होती. पेंड आत फुगली आणि नळी भरली होती तशीच वर आली. भाचा हसून म्हणाला, "मामा, मासे उपाशी गेले!"

साधली ती अशी

३२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा काळा पाइप घ्यावा आणि त्याचा ५ सेंटिमीटर तुकडा कापावा. बाजूने ६ मिलिमीटरची आठ भोके दोन ओळींत पाडावीत. भोकांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. तळाला लाकडाची घट्ट गुडदी बसवावी. लाकूड पाण्यात फुगून आणखी घट्ट होते, तरी बाजूने स्टेनलेसचा एक बारीक स्क्रू द्यावा.

सायकलचा स्टेनलेसचा आरा घ्यावा. आटे असलेल्या टोकाकडून १२ सेंटिमीटर ठेवून बाकीचा कापावा. वरच्या टोकाला पक्कडीने पूर्ण बंद कडी करावी, टोक बाहेर राहू देऊ नये. आरा नळीच्या मधून आणि गुडदीच्या भोकातून खाली काढावा. त्याखाली वजन ओवावे, एक चकती घालावी आणि आऱ्याचेच निपल फिरवून सगळे आवळावे. गोंद नाही, गंजणारी तार नाही. निपल सोडले की वजन बदलता येते.

वजनासाठी १२ मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई घ्यावी. तिचा ३४ मिलिमीटर तुकडा सुमारे ३० ग्रॅम भरतो. तेवढ्याच वजनाचे शिसे २४ मिलिमीटरमध्ये मावले असते. म्हणजे शिसे सोडल्याने आपण गमावतो काय, तर एक सेंटिमीटर! लेथ नसेल त्याने आऱ्यात नट ओवावेत आणि किराणा दुकानाच्या काट्यावर वजन पाहावे.

एच.डी.पी.ई. आणि लाकूड दोन्ही पाण्यावर तरंगणारे असल्याने चारा संपत आला की नळी तळाशी उभी राहते, आडवी पडून कपारीत अडकत नाही. चारा असा भिजवावा की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि अंगठ्याने दाबताच फुटावा. फार चारा टाकू नये. न खाल्लेली पेंड कुजते आणि लहान तळ्यातील पाण्याचा प्राणवायू खाते.

हरवल्यावर काय?

नळी तयार झाली तेव्हा भाच्यानेच एक प्रश्न काढला. "मामा, ही इतकी टिकाऊ झाली, पण तंगूस तुटून पाण्यात राहिली तर तिथंही टिकणार ना?"

प्रश्नाने आम्ही गप्प झालो. पोराचे खरे होते. हातात टिकणारी वस्तू पाण्यातही टिकते. सोबत पाचपन्नास हात तंगूस राहिला तर त्यात बगळा, पाणकोंबडी अडकून मरणार.

म्हणून मांडणी बदलली. नळी मुख्य तंगुसाला गाठ मारून बांधायची नाही. एका कडीतून ती तंगुसावर मोकळी सरकती ठेवायची आणि गळापासून दोन वितींवर मणी लावून अडवायची. कडी आणि नळी यांच्यामध्ये कमी ताकदीच्या तंगुसाचा छोटा तुकडा ठेवायचा. मुख्य तंगूस १० किलोचा असेल, तर हा ४ किलोचा. नळी खडकात अडकली की तेवढाच तुकडा तुटतो, गळ आणि लांब तंगूस परत येतो. मुख्य तंगूस तुटून मासा सुटला, तरी तो वजन ओढीत फिरत नाही, कारण नळी तंगुसावरून निसटते.

जिथे खडक फार, तिथे पाइपाऐवजी वेळूची नळी वापरावी. टोकांना दोरा गुंडाळला तर ती चिरत नाही. हरवली तर वेळू कुजतो, लोखंड गंजून संपते. तिचे आयुष्य पाइपापेक्षा कमी, पण तिथे तेच हिताचे.

शीलाचा प्रश्न

ही नळी विहारात दाखवली तेव्हा एका वयस्क उपासिकेने सरळ विचारले, "हे जीव मारण्याचेच साधन ना? मग पहिल्या शीलाचे काय?"

हा प्रश्न आम्ही उडवून लावणार नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी होणारी हत्या आणि मारण्याची इच्छा यांतला फरक समजावून दिला आहे. ज्याच्या त्याच्या विवेकाने तो लावावा. आमच्या घरात आम्ही असे ठरवले : भांड्यात शिजेल तेवढेच धरायचे, पिल्लू आले तर सोडायचे, आणि नुसती गंमत म्हणून गळ टाकायचा नाही. धरणाचा, तलावाचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय बसायचे नाही, कारण ती त्यांची भाकर आहे.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी उपासकाने न करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यांत एक विषाचा आहे. शेजारच्या दोन पोरांनी भाच्याकडे शिशाची वजने विकत मागितली होती. त्याने नकार दिला आणि नळीचे चित्र वहीत काढून दिले. आम्हाला याचाच आनंद अधिक वाटला. "याचे पेटंट घ्या," असेही काहींनी सुचवले. पण नळीची कल्पना जुनी, जगाची आहे. आमची असेल ती थोडी कारागिरी. ज्याला हवे त्याने ती खुशाल करावी.

ज्यांच्या घरात पूर्वी शिसे वितळवले गेले असेल, त्यांनी फरशी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती कढई पुन्हा वापरू नये. लहान मुलांना डॉक्टरांकडे न्यावे आणि काय झाले ते स्पष्ट सांगावे. रक्तातील शिसे तपासता येते. आम्ही आमच्या नातीला नेले. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले आणि पाण्यावर आपला माणूस म्हणून हक्क आहे हे जगाला दाखवले. ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, त्या पाण्यात आपल्या हातून विषाचा एक गोळाही पडू नये. हक्काबरोबर राखणही आली.

जय भीम!