भिंतीत साठलेली दुपार

बंगळुरूलगतचा आनेकल तालुका समुद्रसपाटीपासून साधारण 900 मीटर उंचीवर आहे. इथल्या उन्हाळ्यातल्या एसीचा विचार याच आकड्यापासून सुरू करायला हवा. बंगळुरूचं एप्रिलमधलं सरासरी कमाल तापमान 34 अंशांच्या आसपास असतं आणि किमान 22च्या जवळ. म्हणजे दुपार आणि पहाट यांच्यात बारा अंशांचा फरक. इलेक्ट्रॉनिक्स सिटीतल्या नोकऱ्यांमुळे चंदापुरा, बोम्मसंद्रा, जिगणी, अत्तिबेले या पट्ट्यात राहायला आलेली मराठी कुटुंबं मात्र एसी वापरण्याची सवय आपापल्या गावाहून आणतात. नागपुरात मे महिन्यात रात्रीची हवाही तापलेली असते आणि मुंबईत ती दमट असते, त्यामुळे तिथे खिडकी लावून यंत्र सुरू करण्यावाचून फारसा इलाज नसतो. आनेकलात रात्री दहा-अकराला बाहेरची हवा बहुतेक दिवशी बेडरूममधल्या हवेपेक्षा थंड असते. तरीही एखाद्या सोसायटीकडे त्या वेळी खालून पाहिलं तर खिडक्या बंद दिसतात आणि बाल्कनीतली बाहेरची युनिटं सुरू असतात. इथली विजेची बचत रिमोटवरच्या आकड्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, खिडकी कधी उघडली आणि कधी लावली यावर ठरते, असं माझं ठाम मत आहे.

हवा थंड असताना खोली का तापलेली असते, याचं उत्तर बांधकामात आहे. या भागातल्या इमारतींच्या बाहेरच्या भिंती बहुधा सहा इंची सिमेंट ब्लॉकच्या आणि छत काँक्रीटच्या स्लॅबचं. काँक्रीट उष्णता हळूहळू पितं आणि हळूहळूच सोडतं. स्लॅबच्या वरच्या बाजूला दुपारी एक-दोनला लागलेलं ऊन खालच्या बाजूला पोचायला काही तास जातात. पश्चिमेच्या भिंतीचं तर उन्हातून सुटणंच संध्याकाळी होतं. म्हणून वरच्या मजल्यावरची खोली सूर्य मावळल्यावर जास्त त्रास देते. अशा वेळी एसी लावला की हवा वीस मिनिटांत गार होते, कारण खोलीतल्या हवेत उष्णता फार थोडी असते. ती असते भिंतीत, स्लॅबमध्ये, गादीत, लाकडी कपाटात. यंत्र बंद केलं की अर्ध्या तासात ती परत हवेत उतरते, झोप मोडते आणि पुन्हा रिमोट हातात येतो. ‘इथे रात्रभर लावल्याशिवाय भागत नाही’ हा समज अशा अनुभवातून पक्का होतो. खरं तर त्या यंत्राला बाहेरच्या हवेशी झगडावं लागत नसतं. घरात साठलेली दुपार ते पैसे मोजून बाहेर काढत असतं.

तेच काम रात्रीची हवा फुकट करते, फक्त तिला आत यायला एक आणि बाहेर पडायला दुसरी वाट लागते. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन, एवढं पुरतं. झोपण्याआधी तास-दोन तास ही आरपार हवा खेळू दिली आणि मग गरज वाटली तर खिडकी लावून एसी सुरू केला, तर त्याच्या वाट्याला बरंच कमी काम उरतं. दिवसा याच्या उलट करायचं: सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या लावायच्या, पश्चिमेचे पडदे ओढायचे. बंगळुरूची हवा चांगली या जुन्या लौकिकामुळे लोक नेमकं भर दुपारी घर उघडं ठेवतात आणि 34 अंशांची हवा बोलावून घेतात.

रिमोटचं महत्त्व मी नाकारत नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, आणि 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी मुळातच 24 अंशांवर सुरू होतात. छताचा पंखा सोबत चालू असेल तर अंगावरच्या वाऱ्यामुळे 26-27 अंशही सुखद वाटतात. साधा पंखा 75 वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा तीसेक. जिगणीच्या ग्रॅनाइट कारखान्यांच्या परिसरात धूळ हा वेगळाच विषय आहे. ती आतल्या जाळीवर आणि बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांवर बसली की यंत्राला उष्णता टाकता येत नाही, आणि तेवढ्याच गारव्यासाठी ते जास्त वीज खातं. अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगलेल्या युनिटांचंही तेच होतं: खालच्याने सोडलेली गरम हवा वरचं ओढून घेतं.

आता आक्षेप. पहिला डासांचा, आणि तो खराच आहे. पण खिडकीची जाळी हा एकदाचा खर्च आहे. धूळ आणि होसूर रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज हा त्याहून अवघड प्रश्न, आणि रस्त्याला लागून असलेल्या घरांना माझा उपाय पुरता लागू पडणार नाही हे मान्य करायला हवं. एप्रिल 2024मध्ये बंगळुरूचा पारा 38 अंशांच्या पुढे गेला होता. तशा दिवसांत, घरात तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल, तर एसी लावायलाच हवा, तिथे युनिट मोजत बसू नये. मे महिन्यात वळवाच्या सरींनंतर हवा दमट होते तेव्हाही खिडकीचा गुण कमी होतो. ‘मग कूलर का नको?’ असंही विचारलं जातं. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, वीजही थोडी घेतो. पण तो पाणी पितो, आणि आनेकलचं भूजल अतिशोषित वर्गात मोडतं. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत तो सल्ला मला द्यावासा वाटत नाही.

हा सगळा खटाटोप किती पैशांसाठी, हे कर्नाटकात विशेष पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट 2023पासून गृहज्योती योजनेत घराच्या आधीच्या सरासरी वापरावर दहा टक्के जास्त धरून तेवढी वीज मोफत मिळते. त्यापुढे 200 युनिटपर्यंत फक्त जादा युनिटांचे पैसे पडतात, आणि 200 ओलांडले की सगळं बिल भरावं लागतं. सरासरी 120 युनिट वापरणाऱ्या घराला 132 युनिट मोफत. दीड टनी इन्व्हर्टर एसी रात्रभर आठ तास चालला आणि तासाला सरासरी 0.7 युनिट धरली, तर महिन्याला 168 युनिट होतात, एकूण 288. दर युनिटला सहा रुपयांच्या आसपास धरला तर बिल 1,700च्या पुढे. खिडकीने आधी घर निववलं आणि एसी दोनच तास, पण पूर्ण जोराने चालला, तासाला 1.2 युनिटने, तर 72 युनिट, एकूण 192. पैसे साठ युनिटांचे, सुमारे 360 रुपये; स्थिर आकार आणि कर धरले तरी दोन्हींतली दरी मोठीच राहते. दुकानात मात्र चर्चा तीन स्टार की पाच स्टार एवढीच होते. स्टारचा हिशेब वर्षाला 1,600 तास वापर धरून केलेला असतो. रात्री दोन तास, तेही दोन-अडीच महिने चालवणाऱ्याचे दीडशे तास भरतात. त्याला पाच स्टारची जास्तीची किंमत वसूल व्हायला फार वर्षं लागतील. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने ते पैसे गच्चीला पांढरा परावर्तक रंग देण्यात घालावेत. भाडेकरूने घरमालकाकडे तो विषय काढावा, आणि तोवर दोन खिडक्यांना जाळ्या बसवून घ्याव्यात.